मे महिना आला की कॅम्पर व्हॅनचा फ्रिज बंद पडतो? बॅटरी बदलायच्या आधी हे बघा

सलग तीन उन्हाळे आमच्याकडे एकच रडगाणं. एप्रिल संपत आला की व्हॅन काढायची, फ्रिज आदल्या दिवशी लावून ठेवायचा, दूध, दही, कैरीचं पन्हं, पोरीचा आईस्क्रीमचा डबा सगळं भरायचं, आणि पहिल्याच दुपारी मुक्कामाला पोचलो की फ्रिज गप्प. हात लावला तर मागची फळी चटका बसेल इतकी गरम. संध्याकाळी आपोआप चालू व्हायचा, आपण म्हणायचं चला सुटलो, आणि रात्री दोनच्या सुमाराला परत टक्-घुर्र-टक्, टक्-घुर्र-टक्, म्हणजे बिचारा चालू व्हायला बघतोय पण जमत नाहीये. सकाळी चहाला दूध काढलं की फाटलेलं. शेवटी बायकोने दूध पावडरचा डबा गाडीत कायमचा ठेवून दिला, तो अजून तिथेच आहे.

गाडी म्हणजे सेकंडहँड छोटी टेम्पो ट्रॅव्हलर. आत दोन बर्थ, छोटा ओटा, ५० लिटरचा १२ व्होल्टवर चालणारा कंप्रेसर फ्रिज, आणि सीटखाली १०० एएचची (अँपिअर-तासांची) वेगळी बॅटरी, इंजिनच्या बॅटरीचा तिच्याशी संबंध फक्त चार्जिंगपुरता. (आतले बदल आरटीओत रीतसर नोंदवलेत, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, ते न करता फिरू नका बाबांनो.) मुलुंडला आमच्या सोसायटीच्या स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या पार्किंगमध्ये) तिची उंची बसत नाही, त्यामुळे वर्षभर बाहेर, रस्त्याच्या कडेला, भर उन्हात. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

२०२२ ला मी बॅटरी बदलली. दुकानदाराने जुनीला टेस्टर लावला, मान हलवली, म्हणाला गेली ही. नवीन घातली आणि फ्रिज एकदम मस्त चालायला लागला, फक्त तोवर जून उजाडला होता. पाऊस पडून हवा खाली आली की आमचा फ्रिज स्वतःच बरा होतो, कोणीही काहीही न करता, हे कळायला मला अजून दोन वर्षं लागायची होती. २०२३ च्या मेमध्ये परत तेच, मग फ्रिज उचलून दुरुस्तीला दिला. त्यांनी एसीच्या खोलीत टेबलावर ठेवून पॉवर सप्लायवर दोन दिवस चालवला, उणे पाचपर्यंत नेऊन दाखवला आणि कागदावर लिहून दिलं, दोष आढळला नाही. आता ते काही खोटं बोलत नव्हते, त्यांच्या टेबलावर खरंच दोष नव्हता, दोष आमच्या गाडीत राहिला होता. २०२४ ला कोणीतरी डोक्यात घातलं की सोलर टाक, म्हणून २०० वॉटचं पॅनल, तेही ब्रॅकेटचे पैसे वाचवायला थेट छतालाच चिकटवलं. तिन्ही मिळून पस्तीसेक हजार गेले आणि दूध फाटायचं थांबलं नाही.

सुटलं ते २०२५ च्या एप्रिलमध्ये, केळव्याला समुद्राकाठच्या सुरूच्या बनात, आणि सोडवलं माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने. रात्री टक्-घुर्र सुरू झाल्यावर मी नेहमीप्रमाणे टॉर्च घेऊन फ्रिजच्या मागे डोकं घालून बसलेलो, ती बर्थवरून वाकून बघत होती, म्हणाली, "बाबा, हा दुपारी पाच वेळा डोळा मारत होता, आता एकदाच मारतोय." मी म्हटलं कोण डोळा मारतोय. तर फ्रिजच्या मागे जो कंट्रोलचा काळा डबा असतो त्यावर बारीक लाल लाइट आहे, टॉर्च बंद केल्याशिवाय दिसतच नाही, आणि मी तीन वर्षं टॉर्च लावून शोधत होतो!

तर ह्या लाइटचं गणित असं. १२ व्होल्टच्या बऱ्याच फ्रिजांमध्ये डॅनफॉस कंपनीच्या घराण्यातला, म्हणजे आत्ता सेकॉप नावाने येणारा, किंवा त्याच धर्तीचा कंप्रेसर असतो. त्याचा कंट्रोल डबा बिघाड झाला की ठरावीक वेळा लुकलुकतो, मग थांबतो, दर चार सेकंदांनी परत तेच. एकदा म्हणजे त्याच्यापर्यंत व्होल्टेज कमी पोचतंय म्हणून बॅटरी वाचवायला त्याने बंद केलंय. दोनदा म्हणजे फॅनच्या लाइनवर जास्त करंट. तीनदा म्हणजे मोटर स्टार्टच होत नाहीये, चारदा म्हणजे मोटर किमान स्पीड पकडत नाहीये. आणि पाचदा म्हणजे कंट्रोल डबा स्वतःच तापलाय. सगळ्या फ्रिजांना ही लाइट लावलेली नसते, काहींना पुढच्या डिस्प्लेवर एरर नंबर येतो, तुमच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या, पण बघा नक्की. कारण मी ज्याला एकच दुखणं समजत होतो ती दोन वेगळी दुखणी होती, दुपारचं वेगळं आणि रात्रीचं वेगळं, आणि दोघांना एकच औषध देत बसल्यामुळे दोन्ही बरी होत नव्हती.

आधी रात्रीचं सांगतो, कारण बहुतेक लोकांची बॅटरी ह्याच्यातच विनाकारण बदलली जाते.

ह्या कंप्रेसरचं फॅक्टरी सेटिंग असं असतं की व्होल्टेज १०.४ च्या खाली गेलं की बंद आणि परत ११.७ च्या वर आलं की चालू. आता मी रात्री बॅटरीला मीटर लावायचो तर १२.१ दिसायचे, म्हणजे अर्धी बॅटरी शिल्लक, मग फ्रिज का बंद पडतोय, म्हणून मी फ्रिजवर खार खाऊन. चूक अशी होत होती की मी मोजायचो बॅटरीपाशी आणि तेही फ्रिज बंद पडल्यावर. हे म्हणजे चाळीत सगळ्यांचे नळ बंद असताना पाइपातलं प्रेशर बघण्यासारखं झालं, प्रेशर फुल दिसणारच, सकाळी सहाला सगळ्यांनी नळ सोडले की चौथ्या मजल्यावर करंगळीएवढी धार येते ती कोण बघणार. व्होल्टेज फ्रिजच्या टोकाला बघायचं, कंप्रेसर चालू असताना.

केळव्याहून आल्यावर गाडी कुर्ल्याला सीएसटी रोडवर एका वायरिंगवाल्या चाचांकडे नेली. चाचांनी मीटर काढलाच नाही. फ्रिज लावून वीस मिनिटं चालू दिला, चहा मागवला, चहा संपल्यावर वायर जिथून जाते तिथून हात फिरवत गेले, फ्यूजच्या होल्डरपाशी थांबले आणि माझा हात धरून तिथे ठेवला. कोमट. मग मागच्या चाकाच्या वर जिथे निगेटिव्ह बॉडीला बोल्टने पकडलेली होती तिथे हात ठेवला, तो बोल्ट चांगलाच गरम. "साब, बॅटरी को क्यूं गाली देते हो, रास्ता तो देखो." बोल्ट खोलला तर खाली रंग तसाच, रंगाच्या वर लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) कसलेली, आणि कडेने हिरवट पांढरी बुरशी आल्यासारखं साचलेलं. मुंबईची खारी हवा आणि चार पावसाळे, अजून काय होणार.

मग मी घरी येऊन मीटरने पण बघितलं, कारण हात ठेवून आकडा कळत नाही. पद्धत सोपी आहे, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, फ्रिज चालू ठेवा, एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी फ्रिजच्या प्लसवर. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत खाल्ले जातायत. माझ्याकडे ०.६ आला. मग तसंच बॅटरीचा मायनस ते फ्रिजचा मायनस, तिथे १.० आला. म्हणजे १२.१ मधले १.६ वाटेतच गेले आणि फ्रिजला मिळतायत १०.५, जरा बॅटरी अजून उतरली की १०.४ च्या खाली, बंद. बंद झाला की करंट थांबला, करंट थांबला की वाटेतलं खाणं थांबलं, फ्रिजला परत १२ दिसले, तो खुश होऊन चालू, परत बंद. ते टक्-घुर्र-टक् हेच होतं!

०.६ का, तर बिल्डरने (गाडीच्या बरं का, इमारतीच्या नाही) वायर घातलेली १ एमएमची (म्हणजे तांब्याचा छेद १ चौरस मिलिमीटर), आणि ती सरळ न नेता फर्निचरच्या मागून वळसा घालून सात मीटर. तांब्याचा हिशोब साधारण असा की १ एमएमच्या दर मीटरला ०.०१७ ओहम, सात मीटरला ०.१२, त्याला फ्रिजचे ५ अँपिअर गुणले की ०.६. मीटरने दाखवलं तेच. घरातल्या ट्यूबलाइटला २३० व्होल्टमधून अर्धा व्होल्ट गेला तर कोणाला कळतही नाही, १२ व्होल्टमधून गेला की दूध फाटतं. घरची वायरिंग करणाऱ्यांकडून गाडीची वायरिंग करून घेतली की असं होतं, ते लोक वाईट नसतात, त्यांचा अंदाज २३० चा असतो.

आणि मग थंडीत का चालतो? थंडीत कंप्रेसर तासातली वीसेक मिनिटंच चालतो, बॅटरी रात्रभर साडेबाराच्या जवळ राहते, १.६ गेले तरी पावणेअकरा उरतात. चूक बाराही महिने होती, मे महिना फक्त ती उघडी पाडायचा.

उपाय म्हणजे ६ एमएमची मल्टीस्ट्रँड तांब्याची वायर, लोहार चाळीतून आणली, प्लस पण आणि मायनस पण, दोन्ही थेट बॅटरीपर्यंत, बॉडीचा भरवसा धरायचा नाही. तिथे एक काळजी घ्या, स्वस्तातली वायर अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असू शकते, दुकानातच एक तार ब्लेडने खरवडून बघा, आतून चांदीसारखी निघाली तर परत द्या, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा फ्यूज, चांगल्या होल्डरमध्ये. लग प्रेस करायला बरोबर मापाचं क्रिम्पर वापरा, पक्कडने चेपलेली लग सहा महिन्यांत सैल होते. टर्मिनल सँडपेपरने चकचकीत करून घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली, आधी नाही, नंतर. आणि काम सुरू करायच्या आधी बॅटरीचा मायनस पहिला काढायचा, पाना चुकून बॉडीला टेकला तर जी ठिणगी उडते ती एकदा बघितली की माणूस विसरत नाही. सगळं झाल्यावर परत तीच टेस्ट केली, येऊन जाऊन ०.२ व्होल्ट. रात्रीचं दुखणं तिथेच संपलं.

आता दुपारचं, पाच लुकलुकवालं.

त्यासाठी मुद्दाम एका रविवारी मुरबाडच्या पुढे टोकावड्याच्या बाजूला गेलो, माळशेजच्या पायथ्याशी, कारण मुंबईत बसून हे टेस्ट होत नाही. आपल्याकडे समुद्रामुळे पारा ३४-३५ ला अडकतो, घाम काढतो पण वस्तू तेवढ्या तापत नाहीत, घाटाच्या खाली बदलापूर, मुरबाड, कर्जत ह्या पट्ट्यात एप्रिलमध्ये चाळिशी सहज पार. बायकोचं केक करायचं तार असलेलं थर्मामीटर घेतलं होतं (परवानगी घेऊन). बाहेर झाडाखाली ४०, गाडीच्या आत ४५, आणि ती तार फ्रिजच्या मागे सोडली तर ५८. फ्रिज म्हणजे आतली उष्णता उचलून मागे बाहेर टाकणारं मशीन, आणि आमचा फ्रिज सुंदर प्लायवूडच्या कपाटात बसवलेला, मागे दोन बोटं जागा, वर पक्की फळी, एकही भोक नाही. स्वतः टाकलेली गरम हवा परत स्वतःच ओढत बसलेला. दिसायला मात्र एकदम हॉटेलसारखं, येणारा प्रत्येक जण कपाटाचं कौतुक करायचा.

तर त्या कौतुकाच्या कपाटाला जिगसॉ लावला. खाली, फ्रिजच्या तळाजवळ सहा इंची भोक, गाडीच्या आतल्या सावलीच्या बाजूने हवा घेण्यासाठी. वर, विरुद्ध कोपऱ्यात, तेवढंच भोक बाहेरच्या भिंतीतून, वर पावसाची झाप असलेली जाळी, म्हणजे गरम हवा गाडीच्या बाहेर जाते, आमच्या डोक्यावर नाही. काही जण खालचं भोक गाडीच्या फ्लोअरमधून पाडतात, चालेल, पण आधी खाली वाकून बघा सायलेन्सरचा पाइप कुठून जातोय, नाहीतर गरम हवा आणि धूर दोन्ही आत घ्याल. दोन्हीकडे बारीक स्टीलची जाळी लावा, झुरळांना अशी ऊबदार जागा फार आवडते. मागची जागा दोन बोटांवरून चार बोटं केली, त्यासाठी फ्रिज पुढे सरकला आणि आता ओट्याशी उभं राहताना पोट आत घ्यावं लागतं, ठीक आहे. वरच्या भोकाला लॅमिंग्टन रोडवरून आणलेला कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा १२० एमएम फॅन, ०.२ अँपिअर खातो. तो फ्रिजच्या फॅनच्या टर्मिनलवरच जोडला की कंप्रेसरबरोबर चालू बंद होतो, पण तिथला एकूण भार ०.५ अँपिअरच्या आत ठेवा, हौसेने मोठा फॅन लावलात तर दोन लुकलुक सुरू होतील आणि मग मला शिव्या घालाल.

नंतर तशाच दुपारी तीच तार तिथेच सोडली तर ४७. पाच लुकलुक परत दिसली नाही.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मग हिशोब करून बघितला. फ्रिज चालू असताना ५ अँपिअर, मेमध्ये तासातली चाळीस मिनिटं चालला तर दिवसाला ८० एएच. १०० एएचची साधी लेड ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली नेऊ नये म्हणतात, म्हणजे हातात ५०. म्हणजे सोलर हिशोबात धरलं नाही तर वायर सोन्याची लावली तरी दोन मुक्काम निघणार नाहीत. लोक इथे दुसरी बॅटरी घेतात किंवा लिथियमवर जातात, ज्यांचं बजेट आहे त्यांनी जरूर जा, फक्त लिथियमचं बीएमएस (बॅटरी सांभाळणारं तिच्या आतलं सर्किट) पण जास्त तापलं की चार्जिंग बंद करतं, ती सीटखालच्या बंद पेटीत कोंबू नका. माझं बजेट सोलरमध्ये संपलं होतं, म्हणून मी उलटीकडून गेलो, फ्रिजला कमी काम पडेल असं बघितलं. म्हणजे छप्पर.

कोविडच्या वेळची कपाळाला लावायची थर्मामीटरची बंदूक घरी पडलेली होती, ती छतावर धरली तर नुसतं "हाय". ती माणसांसाठी असते, ४३ च्या आसपास हात टेकते, तिला सरफेस मोड आहे का बघा. बटण दाबून मोड बदलल्यावर ग्रे रंगाचं छत दुपारी दीडला ६६ दाखवायला लागलं. अर्धं छत पांढरं करून दोन रविवारी तुलना केली, पांढरा भाग ४८. एवढं बघितल्यावर उरलेलं अर्धं रंगवायला मी पुढच्या रविवारची वाट बघितली नाही. आपल्याकडे छपराला एवढं महत्त्व का, तर मुंबईत साधारण १५ मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस असतो, सूर्य बरोब्बर डोक्यावर. म्हणजे पूर्ण मे महिना ऊन भिंतींवर कमी आणि छतावर जास्त, खिडक्यांना कितीही पडदे लावा, वरून तवा तापलेलाच. त्यात गाडी सहा दिवस उन्हात उभी राहून आतली गादी, प्लाय, पाण्याची टाकी सगळं तापून बसलेलं असतं, शनिवारी सकाळी एसी लावून निघालो तरी ते तास दोन तास उष्णता सोडत राहतं. आता आदल्या रात्रीच सगळी दारं उघडी टाकून गाडी थंड करतो, वॉचमन विचारतो साहेब शिफ्टिंग आहे का.

सोलर पॅनल पण उचललं, खाली तीन बोटांची हवा जाईल असे ब्रॅकेट लावले. पॅनल तापलं की देतं कमी, पंचवीस अंशाच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्का, म्हणजे ६५ ला तापलेलं पॅनल पंधरा टक्के तरी कमी देणार. शिवाय ते आता छतावर छत्रीसारखं सावली पण धरतं, हे फुकटचं.

मुक्कामावर, पॅनल सोडून, बाकीच्या छपराच्या वर नर्सरीवाले लावतात ती हिरवी शेडनेट बांधा, पण छताला टेकू न देता, मध्ये वीतभर हवा पाहिजे. निळी ताडपत्री थेट गाडीवर टाकणाऱ्यांनी ती फक्त पावसासाठी ठेवावी. पुढच्या काचेला चांदीच्या रंगाचा बबलशीट लावायचा तो बाहेरून, वायपरखाली दाबून, आतून लावला की ऊन काच ओलांडून आत आलेलंच असतं. गाडी अशी लावा की फ्रिजची बाजू पूर्वेकडे, दुपारनंतर तिला सावली मिळते. आणि सावली हवी म्हणून नारळाखाली लावू नका, प्लीज, नागावला एका पॅनलची अवस्था मी डोळ्यांनी बघितलीये. आंबा, फणस, सुरू काहीही चालेल.

ते पाण्यावरचे छोटे कूलर मिळतात त्याबद्दल. नाशिक, संभाजीनगर, विदर्भात ते चालतात कारण हवा कोरडी. मुंबई आणि कोकणात हवेतच एवढा ओलावा की पाणी सुकणार कुठे, उलट आत दमट होऊन गादीला वास येतो. आमचा माठ हे रोज सांगतो, भंडारदऱ्याला त्यातलं पाणी दात शिवशिवतील असं आणि केळव्याला नुसतं बरं. कोकणात कूलरपेक्षा छताचा एक्झॉस्ट फॅन आणि सावलीकडची खालची खिडकी उघडी, हे जास्त उपयोगी, हवा अंगावरून जायला पाहिजे, बस.

बाकी गोष्टी पटकन, कारण त्या सगळ्यांना माहीत असतात आणि तरी राहून जातात. टायरची हवा सकाळी थंड असताना बघा, दुपारी तापलेल्या टायरची "जास्त दिसतेय" म्हणून काढू नका. टायरच्या बाजूला चार आकडी नंबर असतो, २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा, कॅम्पर कमी फिरतो त्यामुळे नक्षी शाबूत आणि रबर म्हातारं असं होतं, माझे तसेच होते, समृद्धीवर भर दुपारी नेण्याआधी बदलले. कसारा घाट चढताना टेंपरेचरचा काटा वर गेला तर एसी बंद, हीटर फुल, खिडक्या उघड्या, मुलं ओरडतील पण इंजिन वाचेल, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडायचं नाही. निघायच्या आधी रेडिएटरच्या जाळीतली माती आणि किडे पाण्याने धुवा, जोरात फवारा मारून पात्या वाकवू नका. गॅस सिलिंडर उन्हात नको, बंद कपाटात तर नकोच, गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, म्हणून कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक पाहिजे, आणि गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद. बॅटरी पाणी टाकायच्या प्रकारातली असेल तर मेमध्ये दर पंधरा दिवसांनी पातळी बघा, डिस्टिल्ड वॉटर, नळाचं नाही.

फ्रिज भरायची पण एक रीत आहे, ती आमच्याकडे आईला पटायला वेळ लागला. तिचं म्हणणं फ्रिज आहे तर गरम वरण पण ठेवता आलं पाहिजे. नाही ठेवता येत. घरच्या फ्रिजमध्ये रात्रभर गार केलेल्या वस्तूच व्हॅनच्या फ्रिजमध्ये जातील, व्हॅनचा फ्रिज आदल्या दिवशी घरच्या विजेवर गार करून, आणि दोन पाण्याच्या बाटल्या गोठवून तळाशी. झाकण उघडायचं ते काय काढायचं हे ठरवूनच.

हे सगळं होईपर्यंत २०२५ चा उन्हाळा हातातून गेला, त्या वर्षी २६ मेलाच मान्सून मुंबईत हजर, आणि पावसात टेस्ट करण्यात अर्थ नाही हे मी २०२२ च्या अनुभवावरून महागात शिकलेलो. खरी परीक्षा झाली ती ऑक्टोबर हीटमध्ये, परत टोकावडे, दोन रात्री, इंजिन एकदाही चालू न करता. दुसऱ्या पहाटे चारला उठून फ्रिजच्या टोकाला मीटर लावला, कंप्रेसर चालू असताना ११.९. दूध चांगलं होतं. लेकीने कंट्रोल डब्याच्या शेजारी प्लायवर स्केचपेनने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, "१ = वायर, ५ = हवा", आणि खाली बाण काढून "टॉर्च बंद करा".

राहिलंय ते सरकत्या दाराचं रबर, उन्हाने तडकलंय आणि तिथून गरम हवा आत येते. ते बघायला परत कुर्ल्याला जायचंय.